शाळामंडळात कामकऱ्यांचा शब्द



शाळामंडळ हा शब्द उच्चारला की आपल्याकडील जुन्या माणसाच्या डोळ्यांपुढे बदलीसाठी वशिला शोधणारा मास्तर, बाकांचा ठेका घेणारा पुढाऱ्याचा मेहुणा आणि सभेच्या शेवटी येणारा चहा एवढेच उभे राहते. या विषयाला काही इतिहास असेल, आणि तो कामगार चळवळीतल्या माणसाने सांगण्याजोगा असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटाच्या कृपेने. त्या कपाटात पगाराचे करार, औद्योगिक न्यायालयाचे निवाडे आणि कोणीतरी ठेवून गेलेली विलायती कामगार चळवळीची दोन-चार पुस्तके होती. एकदा मजुरीच्या दरांचा इतिहास शोधताना त्यांत असे आढळले की, ठेकेदाराने कामगारांना त्या धंद्यातल्या रास्त दरानेच मजुरी दिली पाहिजे, अशी अट ज्या सार्वजनिक संस्थांनी अगदी आरंभी घातली, त्यांत लंडनचे शाळामंडळ होते. साल १८८९. पार्लमेंटने तसा ठराव केला तो त्यानंतर दोन वर्षांनी. पोरांच्या शाळा चालविणाऱ्या मंडळाला गवंड्या-सुतारांच्या मजुरीची आठवण कशी झाली? या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

१८७० पर्यंत इंग्लंडात गरिबांच्या शाळा मुख्यतः चर्च आणि धर्मादाय संस्था चालवीत असत. सरकार अनुदान देई आणि वर्षातून एकदा तपासनीस पाठवी. कारखान्यांची शहरे वाढत गेली तशी लक्षावधी मुले शाळेबाहेर राहिली. तेव्हा फोर्स्टर या मंत्र्याने १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणला. जेथे शाळा अपुऱ्या असतील तेथे करदात्यांनी मंडळ निवडावे, मंडळाने स्थानिक कर बसवावा आणि शाळा बांधाव्यात, असे त्याचे थोडक्यात स्वरूप होते. लंडनसाठी सगळ्या शहराचे मिळून एकच मंडळ नेमले गेले. त्याची पहिली निवडणूक २९ नोव्हेंबर १८७० रोजी झाली. विभाग दहा आणि जागा ४९.

या निवडणुकीचे दोन विशेष आम्हांस फार महत्त्वाचे वाटतात. पहिला मतदानाच्या रीतीचा. विभागात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत, आणि ती सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा होती. सात जागा असतील तर सात मते सात जणांना द्या, नाहीतर सातही एकालाच द्या. यामुळे जो गट संख्येने लहान, पण एकजुटीचा, त्याचा निदान एक माणूस तरी निवडून येई. कायदा करणाऱ्यांच्या मनात होते धार्मिक पंथ. पण या वाटेने कामगार आणि सुधारकही आत शिरले. ज्या कामगारांनी आपली मते सात जणांत उधळली त्यांचा कोणीच आला नाही, हेही खरे.

दुसरा विशेष स्त्रियांचा. पार्लमेंटसाठी इंग्लंडातल्या बायकांना मत मिळाले ते १९१८ साली, तेही सगळ्यांना नव्हे. पण शाळामंडळासाठी कर भरणाऱ्या स्त्रियांना १८७० मध्येच मत होते आणि स्त्रीला उमेदवार म्हणून उभेही राहता येत होते. मेरिलबोन विभागातून एलिझाबेथ गॅरेट ही डॉक्टरीण उभी राहिली. तिच्या दवाखान्यात येणाऱ्या गरीब बायांच्या घरच्या पुरुषांनी तिला उभे राहण्याचा आग्रह केला होता. तिला ४७ हजारांहून अधिक मते पडली. त्याच विभागात दुसऱ्या क्रमांकावर आले ते प्रसिद्ध शास्त्रज्ञ हक्स्ले, आणि त्यांची मते साडेतेरा हजारही भरली नाहीत. ग्रिनिचमधून एमिली डेव्हिस ही दुसरी स्त्री निवडून आली.

मंडळाचा पहिला अध्यक्ष कोण झाला, हे ऐकून आपणांस गंमत वाटेल. लॉर्ड लॉरेन्स! १८६४ ते १८६९ या काळात जो हिंदुस्थानचा व्हॉइसरॉय होता, तोच. येथे कोट्यवधी रयतेवर एकहाती कारभार केलेला हा गृहस्थ घरी जाऊन अशा सभेच्या खुर्चीवर बसला, की जेथे बेंजामिन लूक्राफ्ट नावाचा एक सुतार उठून त्याच्यापुढे आपले म्हणणे मांडू शकत होता.

या लूक्राफ्टबद्दल थोडे सांगितले पाहिजे. जन्म १८०९ चा, धंदा लाकडी सामान बनविण्याचा. तरुणपणी चार्टिस्ट चळवळीत. पुढे मतदानाच्या हक्कासाठी लंडनच्या मैदानांत सभा घेणाऱ्यांत अग्रभागी. पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या जनरल कौन्सिलात मार्क्सच्या बरोबरीने बसणारा, आणि १८७१ साली पॅरिस कम्यूनवरून मतभेद होताच तेथून बाहेर पडणारा. फिन्सबरी विभागातून तो पहिल्याच निवडणुकीत आला आणि १८९० पर्यंत मंडळावर राहिला. पहिल्या मंडळात कष्टकरी वर्गातला असा तोच एक होता. सभासदांना मानधन नव्हते आणि सभा भरत दिवसाउजेडी. हातावर पोट असलेल्या माणसाने अशा सभेला जावयाचे म्हणजे खाडा करावयाचा. मतपेटीने उघडलेला दरवाजा घड्याळाने कसा बंद होतो, हे कामगार सभासदाला कोणी शिकवावे लागत नाही.

लूक्राफ्टने वीस वर्षांत केले काय? शिक्षण फुकट असावे हे तुणतुणे त्याने सोडले नाही. तुणतुणे हा शब्द आम्ही आदराने वापरतो. मंडळाच्या शाळांतही त्या वेळी फी होती. दर आठवड्याला काही पेनी मुलाने हातात घेऊन यावयाचे. फी न आणणाऱ्या मुलाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना आपल्यापैकी पुष्कळांना अनुभवाने आहे. त्याशिवाय शाळांत लष्करी कवायत नको, आणि जुन्या दानशूरांनी गरिबांच्या पोरांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांचा हिशेब लागला पाहिजे, हे त्याचे हट्टाचे विषय होते. फी अखेर १८९१ च्या कायद्याने बहुतेक उठली. तोवर तो मंडळातून निवृत्त झाला होता.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. लंडनच्या गरीब वस्तीला शाळामंडळाची पहिली ओळख झाली ती दंडाच्या रूपाने. मुले शाळेत आलीच पाहिजेत असा नियम मंडळाने केला आणि तो अमलात आणण्यासाठी घरोघर फिरणारे अधिकारी नेमले. पोरगे शाळेत नसेल तर बापाला मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहावे लागे. ज्या घरात दहा वर्षांच्या पोराच्या मजुरीवर भाकरी अवलंबून, त्या घराने शाळेला शिव्या दिल्या यात नवल ते काय? या अधिकाऱ्यांना गल्लीतले घर अन् घर माहीत असे. इतके की पुढे चार्ल्स बूथ याने लंडनमधल्या दारिद्र्याची जी प्रख्यात पाहणी केली, तिची पुष्कळशी माहिती याच माणसांच्या वह्यांतून आली. सक्ती केली हे मंडळाने योग्यच केले, असे आमचे मत आहे. पण सक्तीबरोबर फी, आणि रिकाम्या पोटाकडे डोळेझाक, हा अन्याय होता. तो तसा आहे हे सभेत उठून सांगणारे कोणी नसते तर तो तसाच राहिला असता.

सांगणाऱ्यांत हेलन टेलर ही बाई होती. तत्त्ववेत्ता मिल याची ही सावत्र मुलगी. १८७६ ते १८८५ ती सदर्क विभागातून मंडळावर होती. आपल्या विभागातल्या गरजू मुलांना दुपारचे जेवण आणि बूट ती मास्तरांमार्फत स्वखर्चाने पुरवी. पण तिचे नाव झाले ते एका भांडणामुळे. मंडळ ज्या भटक्या व अपराधी मुलांना औद्योगिक शाळांत पाठवी, त्यांपैकी सेंट पॉल्स या शाळेत मुलांचे हाल होतात, त्यांना पुरेसे खायला मिळत नाही, असे तिने धरून लावले. उपसमितीच्या लोकांना हे रुचले नाही. तरी चौकशी झाली आणि गृहमंत्र्याने शाळा बंद करण्याचा हुकूम दिला. मात्र या झगड्यात बाईंनी लिहिलेल्या एका पत्राचा अर्थ असा निघत होता की, उपसमितीचा अध्यक्षच जातीने या प्रकाराला जबाबदार आहे. त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. जून १८८२ मध्ये तो चालला आणि चौथ्या दिवशी बाईंची बाजू ढासळली. संमतीने एक हजार पौंड भरून तिला प्रकरण मिटवावे लागले. तिच्या मनात व्यक्तिगत द्वेष नव्हता, असे न्यायाधीशाने बोलून दाखविले. पण पैसे भरावे लागले ते लागलेच. पुढे लंडनच्या औद्योगिक शाळांत मोठ्या सुधारणा झाल्या, त्या या भांडणामुळेच.

आमच्या धंद्यात, म्हणजे मालकाशी वाटाघाटी करण्याच्या धंद्यात, ही गोष्ट आम्ही तरुण कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगतो. मुलांना जेवण कमी मिळते हे ताटे मोजून सिद्ध करता येते. अमक्याने ते जाणूनबुजून केले, हे सिद्ध करणे फार अवघड. बोलणाऱ्याने पहिल्यावर अडून बसावे.

जून १८८२ मध्ये लंडनात हा खटला चालला. त्याच वर्षी इकडे सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला होता, आणि १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख घातलेले एक निवेदन पुण्याहून त्याच्यापुढे गेले. ते होते महात्मा जोतीराव फुले यांचे. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, तेव्हा निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, हे त्यातले म्हणणे सर्वांना ठाऊक आहे. शेतकरी वर्गातले, नांगराला किंवा वाकसाला हात लावण्याची लाज न वाटणारे शिक्षक तयार करा, हेही पुष्कळांना आठवत असेल. परंतु त्यातली एक सूचना सहसा कोणी उद्धृत करीत नाही. मोठ्या गावांतल्या प्राथमिक शाळांचा खर्च म्युनिसिपालिट्यांकडून घ्यावा. पण शाळांचा कारभार मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, शिक्षणखात्याची देखरेख असावी, असे जोतीरावांनी स्वच्छ लिहिले आहे.

हे लिहिणारा माणूस बाहेरचा नव्हता. १८७६ पासून जोतीराव स्वतः पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. तेथे कोणाचा शब्द चालतो हे त्यांनी जवळून पाहिले होते. हंटर आयोगाने पुढे विलायतच्या धर्तीवर प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपविण्याची शिफारस केली, आणि स्थानिक स्वराज्य म्हणून तिचे कौतुकही झाले. पण लंडनमध्ये सुताराला मत होते, विधवा घरमालकिणीला मत होते. आपल्याकडे मत होते ते मूठभर सधनांना. मंडळाचे नाव एकच असले, तरी आत बसणारे कोण हे ठरविणारी मतदारांची यादी निराळी होती. जोतीरावांनी धोका ओळखला तो येथे.

आता त्या १८८९ च्या ठरावाकडे येऊ. १८८८ च्या उन्हाळ्यात पूर्व लंडनमधल्या काडेपेटीच्या कारखान्यातल्या मुलींनी संप केला. अ‍ॅनी बेझंटबाईंनी त्यांच्या हालांवर आपल्या पत्रात लेख लिहिला होता, आणि संपात त्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात शाळामंडळाची निवडणूक आली. बेझंटबाई टॉवर हॅम्लेट्समधून, म्हणजे त्याच कारखान्याच्या भागातून, उभ्या राहिल्या आणि पंधरा हजारांहून अधिक मते घेऊन पहिल्या आल्या. होमरूलच्या, १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्ष असलेल्या बेझंटबाई आपल्याला माहीत आहेत. त्या हिंदुस्थानात आल्या १८९३ मध्ये. त्यापूर्वीच्या या शाळामंडळातल्या बाईंची आठवण मात्र आपल्याकडे क्वचितच निघते. हॅक्नेमधून स्ट्यूअर्ट हेडलम हे समाजवादी पाद्रीही त्याच वेळी आले. मंडळ तेव्हा शहरभर शाळा बांधीत होते. तीन-तीन मजली, उंच खिडक्यांच्या इमारती, त्यांतल्या कितीतरी अजून उभ्या आहेत. एवढे बांधकाम, एवढी छपाई, एवढे लाकूडकाम, आणि सगळे सर्वांत कमी दर भरणाऱ्या ठेकेदाराला! ठेकेदार तो कमी दर कोठून काढणार? मजुराच्या पाकिटातून. तो मजूर कोण? तर त्याच शाळेत येणाऱ्या पोराचा बाप. बापाची मजुरी कापून पोराची शाळा स्वस्तात बांधावयाची, आणि ते पोर उपाशी आले म्हणून त्याला जेवण घालण्यासाठी पुन्हा वर्गणी काढावयाची, हा कसला हिशेब? नव्या सभासदांच्या रेट्याने मंडळाने रास्त मजुरीची अट केली. लंडन कौंटी कौन्सिलने तोच मार्ग धरला आणि १८९१ साली पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने सरकारी ठेक्यांसाठी तसा ठराव केला. आमच्या लोखंडी कपाटातल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

अशी मंडळे केवळ लंडनातच नव्हती. लोकरीच्या गिरण्यांच्या ब्रॅडफर्ड गावी १८९४ साली मार्गारेट मॅकमिलन मंडळावर आली. मुले घामाघूम, मळलेली, अंगात शिवलेल्या कपड्यांनी हिवाळा काढणारी. त्यांना शिकवावयाचे कसे, असा तिचा रोखठोक सवाल असे. तिच्या पाठपुराव्याने तेथे शाळेत स्नानगृहे झाली, मुलांची डॉक्टरी तपासणी सुरू झाली. त्याच गावचा फ्रेड जोवेट हा गिरणी कामगार १९०६ साली पार्लमेंटमध्ये गेला आणि शाळेत जेवण देण्याचा प्रश्न त्याने लावून धरला. त्याच वर्षी तसा कायदा झाला.

पण तोपर्यंत शाळामंडळेच उरली नव्हती. हा शेवट कसा झाला ते ऐकण्यासारखे आहे. मंडळांचे काम प्राथमिक शिक्षणाचे. लंडनचे मंडळ त्यापुढे गेले. मोठ्या मुलांना विज्ञान, चित्रकला, कामकऱ्यांना संध्याकाळचे वर्ग. १८९९ साली कॉकरटन नावाच्या सरकारी हिशेबतपासनिसाने हा खर्च बेकायदा ठरविला. कोर्टाने आणि १९०१ मध्ये अपील कोर्टानेही त्याचाच निर्णय कायम केला. मंडळाने शिकविले नाही असा आरोप कोणी करीत नव्हते. जास्त शिकविले, हा गुन्हा! लगेच १९०२ चा कायदा आला आणि इंग्लंड-वेल्समधली अडीच हजारांहून अधिक मंडळे मोडली. लंडनचे १९०४ मध्ये गेले. ट्रेड युनियन काँग्रेसने विरोध केला. सिडनी वेब यांच्यासारखे समाजवादी विद्वान मात्र कायद्याच्या बाजूने होते, आणि सरकारी माध्यमिक शाळा या कायद्यानेच वाढल्या हेही मान्य केले पाहिजे. परंतु शाळांचा कारभार कौंटी कौन्सिलांकडे गेला आणि कौन्सिलांवर निवडून येण्याचा हक्क स्त्रियांना १९०७ पर्यंत नव्हता. समितीवर दोन-चार बायका नेमून घेण्याची सोय ठेवली होती. म्हणजे जेथे हेलन टेलर मतांच्या जोरावर बसली होती, तेथे तिच्यासारखीला आता दुसऱ्याच्या मेहेरबानीने बसावे लागणार होते. नेमलेला सभासद अडचणीचा प्रश्न विचारावयास कचरतो. कामगार समित्यांत मालकाने नेमलेला ‘कामगार प्रतिनिधी’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पटेल.

आपल्या बाजूचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थानिक संस्थांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा देणारे विधेयक मांडले. १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबई इलाख्यातल्या म्युनिसिपालिट्यांपुरता तसा कायदा करून घेतला. १९२३ आणि १९४७ च्या कायद्यांनी शाळामंडळे आली. जिल्ह्यांतली मंडळे १९६२ मध्ये जिल्हा परिषदांत विलीन झाली, आणि शहरांतली २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर मोडीत निघाली. त्यांच्यासाठी रडावे असे बहुतेकांचे काम नव्हते. पण प्रश्न विचारण्याची ती एक जागा होती.

२००९ च्या कायद्याने एक नवी जागा दिली आहे, तिच्याकडे आमच्या वर्गाचे अजून पुरते लक्ष गेलेले नाही. प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती. तीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया, दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा. शाळेला मिळणारे अनुदान कसे वापरले यावर देखरेख करणे आणि शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणे ही सरकारी शाळांतल्या समितीची कामे कायद्यातच लिहिलेली आहेत. लूक्राफ्टला वीस वर्षांत जे मिळाले नाही ते कागदोपत्री आपल्या शेजारणीला मिळाले आहे.

कागदोपत्री म्हणण्याचे कारण असे. आमच्या भागातल्या एका शाळेत समितीवर सात बाया होत्या. बहुतेक यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरणाऱ्या. सभेची नोटीस निघे दुपारी बाराची. नंतर शिपाई वही घेऊन घरी येई आणि सही करून नेई. वहीत लिहिलेले असे: ‘सर्व विषयांवर सविस्तर चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर.’ आमच्या युनियनच्या बैठकीत ही वही एकदा सहज निघाली. त्या महिन्यात सहीसाठी शिपाई आला तेव्हा बायांनी वही परत पाठविली आणि सोबत सातही जणींच्या सह्यांचा अर्ज दिला: सभा कारखान्याच्या सुट्टीच्या वारी सकाळी घ्यावी आणि मागचे इतिवृत्त सभेत वाचून दाखवावे. हेडमास्तर आधी रागावले. नंतर, माणूस सरळ असल्यामुळे, त्यांनी तसे केले. पहिल्या सभेत बायांनी तीनच गोष्टी विचारल्या. मुलींच्या संडासाला पाणी का नाही, दुरुस्तीचे अनुदान किती आले, आणि दुपारच्या जेवणाचा तांदूळ किती आला व किती शिजला. नळ पंधरा दिवसांत जोडला गेला. अनुदानाचा आकडा हेडमास्तरांनी फळ्यावर लिहून दाखविला. तांदळाचा हिशेब अजून आलेला नाही. तो विषय येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला घेतला आहे.